बदलून दिलेला नंबर

कारखान्यात त्याला सगळे गुलाबी म्हणायचे. रंगाने तो चांगला सावळा होता आणि स्वभावाने रंगेल तर मुळीच नव्हता. नाव पडलं ते पॅन्टच्या मागच्या खिशातल्या बाटलीवरून. छातीत जळजळ सुरू झाली की घ्यायचं ते गुलाबी औषध, वास पुदिन्याचा आणि चव खडूची. तो बूच फिरवायचा, मान मागे टाकून एक घोट घ्यायचा, ओठावर उमटलेली गुलाबी मिशी मनगटाने पुसायचा आणि पुन्हा मशीनकडे वळायचा. कारखाना काचेच्या बाटल्यांचा होता, आणि त्यातल्या पुष्कळशा औषधांच्या कंपन्यांकडेच जायच्या. "बाटली आपणच करायची आणि दुकानातून आपणच परत विकत आणायची, याला म्हणतात धंदा," असं तो स्वतःच म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. हसता हसता ढेकर यायची, आंबट पाणी घशाशी यायचं, आणि पुन्हा बाटली बाहेर निघायची.

लग्न होऊन आली तेव्हा त्याच्या बायकोला हे काही नवं वाटलं नाही, कारण घरात कोणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. सासूबाईंनी तर पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, "आमच्याकडच्या पुरुषांची छाती जळतेच गं. ह्याच्या वडिलांचीही जळायची." हे त्या इतक्या अभिमानाने म्हणाल्या की ऐकणाऱ्याला वाटावं, घराण्यात एखादा मानाचा हुद्दा चालत आलाय. सासरे गेले कशाने, असं सुनेने विचारलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "खाणं तुटलं. घास उतरेना. वय झालं होतं." वय किती झालं होतं, हे सुनेने नंतर मनातल्या मनात मोजलं. काही फार झालं नव्हतं. पण नव्या सुनेने असले हिशेब बोलून दाखवायचे नसतात.

ती घरी शाळांचे गणवेश शिवायची. शिलाई मशीन खिडकीशी आणि पलंग भिंतीशी, मध्ये एक माणूस आडवा जाईल एवढी जागा. नवऱ्याला सपाट झोपता यायचं नाही. सपाट झोपला की पोटातलं सगळं वर चढायचं, मग खोकत उठून बसायचा. उशांवर उशा रचून तो अर्धा बसून झोपायचा आणि सकाळी मान धरलेली असायची. तिने उरलेल्या निळ्या-खाकी तुकड्यांची एक उतरती गादी शिवून दिली. वर जाड, खाली पातळ. गादी त्याला इतकी आवडली की कारखान्यात जाऊन त्याने तिची तारीफ केली आणि दोन मित्रांच्या गाद्यांची ऑर्डर घेऊन आला. फुकटची ऑर्डर. मित्रांकडून कसले पैसे घ्यायचे!

हा त्याचा स्वभाव. कोणाला नाही म्हणणं त्याच्या जिवावर यायचं. त्याच्या कारखान्यात तर असल्या माणसाला सोन्याचा भाव. काचेची भट्टी कधी बंद होत नाही. ती विझली तर आतली काच थिजून भट्टीचा दगड होतो. म्हणून तिथे तिन्ही शिफ्ट चालतात, आणि पुढचा माणूस येऊन उभा राहिल्याशिवाय आधीच्याने जागा सोडायची नाही, हा नियम. मग कोणाला बहिणीकडे जायचं असेल, कोणाच्या पोराला ताप आला असेल, तर एकच उपाय. शिफ्ट बदलून घ्यायची. तू माझी आज कर, मी तुझी परवा करतो. कागद नाही, सही नाही, फक्त शब्द. घेतलेली शिफ्ट जो फेडत नाही, त्याच्याशेजारी कोणी डबा उघडत नाही. गुलाबीने फेडलेल्या तर होत्याच, पण न मागता दिलेल्याही कितीतरी होत्या. सगळे त्याला भला माणूस म्हणायचे. मला विचाराल तर भला माणूस म्हणजे असा माणूस, की ज्याच्या घरी कोणी वाट बघत असेल, हे दुसऱ्यांना आठवतच नाही.

कारखान्याच्या दवाखान्यात नवीन डॉक्टरीणबाई आल्या. गुलाबी त्याच्या औषधाची चिठ्ठी घ्यायला गेला. आधीचे डॉक्टर मान वर न करता चिठ्ठी लिहून द्यायचे. ह्या बाईंनी मान वर केली.

"किती वर्षं जळतंय?"

"लग्नाच्या आधीपासून. आमच्या घरात आहेच ते. वडिलांचंही जळायचं."

"वडील आहेत?"

"नाहीत. शेवटी शेवटी घासच उतरायचा नाही त्यांना."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आणि हे तुम्ही इतकं हसत हसत सांगताय?"

मग त्यांनी त्याला बसवून नीट समजावलं. पोटातलं ॲसिड वर्षानुवर्षं अन्ननलिकेत चढत राहिलं की काहींच्या नळीचं आतलं अस्तर बदलायला लागतं. बदललं म्हणजे कॅन्सरच झाला असं नाही. पण त्याच्यावर नजर ठेवावी लागते. वेळेत दिसलं तर दुर्बिणीतूनच तेवढा भाग जाळता येतो, काढता येतो, पोट फाडावं लागत नाही. उशीर झाला तर फार काही हातात उरत नाही. "गुलाबी पाण्याने आग दबते, पण आत काय झालंय ते दिसत नाही. तुमचं वय, इतकी वर्षं, आणि वर वडिलांचं हे असं. एकदा दुर्बीण घालून बघायलाच हवं," त्या म्हणाल्या. त्यांनी चिठ्ठी केली. कारखान्याचं ज्या हॉस्पिटलशी ठरलेलं होतं, तिथे कामगारांसाठी महिन्याकाठी मोजकेच नंबर असायचे. गुलाबीला पुढच्याच महिन्याचा मिळाला.

त्याने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा बायकोचं शिलाई मशीन थांबलं. भीती वाटली आणि बरंही वाटलं. इतकी वर्षं जे सगळ्यांनी हसण्यावारी नेलं, ते कोणीतरी एकदाचं मनावर घेतलं होतं. तिने कॅलेंडरवर तारखेला खडूने गोल केला. सासूबाई कुरकुरल्या, "नळ्या घालून माणसं उगीच आजारी पाडतात." पहिल्यांदाच ती सासूबाईंना उलटून बोलली, "मामंजींना घातली असती तर बरं झालं असतं."

तो नंबर आठवड्यावर आला असताना लांब्या घरी आला. लांब्या म्हणजे पॅकिंग खात्यातला फोर्कलिफ्ट चालवणारा, गुलाबीचा जुना दोस्त. उंच इतका की दारातून येताना वाकायचा, आणि वाकायची इतकी सवय झाली होती की मोकळ्या मैदानातही वाकून चालायचा. त्या दिवशी तो जरा जास्तच वाकला होता. पोटात वरच्या बाजूला दुखत होतं, पॅन्ट ढिली व्हायला लागली होती. त्यालाही डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीची चिठ्ठी दिली होती, पण नंबर आणखी दोन महिन्यांनी होता.

"वहिनी, झोप लागत नाही हो," तो म्हणाला. "रात्रभर काय काय मनात येतं."

गुलाबीने बायकोकडे बघितलंसुद्धा नाही. "मग त्यात काय! माझा नंबर तू घे, तुझा मी घेतो. शिफ्टसारखंच. माझं तर जन्मभर जळतंय, दोन महिन्यांनी काय बिघडतंय?"

"अहो, पण बाई म्हणाल्या होत्या ना..." तिने तोंड उघडलं.

"दोनच महिने गं. त्याला दुखतंय."

बोलून बोलून ती काय बोलणार? समोर माणूस पोट धरून बसलाय, आणि आपण म्हणायचं की आधी माझा नवरा? तिने चहा टाकला. दुखणाऱ्याला आधी पाठवणं काही चुकीचं नव्हतं, हे तिलाही कळत होतं. पण आपल्या माणसाने आपल्याला एका शब्दाने विचारलं नाही, हे तिच्या मनाला लागलं.

लांब्याच्या जठरात एक लहानसा डाग सापडला. नुकताच धरलेला. डॉक्टरांनी दुर्बिणीतूनच तो खरवडून काढला. तपासणीत तो कॅन्सरच निघाला, पण अगदी वरवरचा, कोवळा. "आणखी दोन महिने गेले असते तर खोल गेला असता," असं तिथले डॉक्टर म्हणाले. लांब्याने येऊन गुलाबीला मिठी मारली. एवढा उंच माणूस लहान पोरासारखा रडला. कारखान्यात गुलाबीचा जयजयकार झाला. मॅनेजरने पाठीवर थाप मारली. गुलाबी इतका खूश होता की आठवडाभर घरात त्याच गोष्टीचं पारायण चालू होतं. बायकोलाही त्या दिवसांत नवऱ्याचा खरंच अभिमान वाटला. हेही सांगायला हवं.

लांब्याला तीन महिने विश्रांती सांगितली होती. त्याच्या शिफ्ट फोर्कलिफ्ट येणाऱ्या चौघांनी वाटून घेतल्या. वाटून घेणाऱ्यांत पहिला हात कोणाचा वर गेला असेल, ते सांगायला नको.

मग अदलाबदलीतला नंबर आला. आदल्या रात्रीपासून गुलाबी उपाशी. बायकोने धुतलेला शर्ट काढून ठेवला, जुन्या चिठ्ठ्या पिशवीत घातल्या, आणि गणवेशवाल्या शाळेला सांगून ठेवलं की आज काम होणार नाही. दोघं चपला घालत होती, तेवढ्यात सुपरवायझरचा फोन आला. लांब्याच्या जागी आज जो येणार होता तो आला नाही. रात्रपाळीचा माणूस ताटकळलाय. माल साचत चाललाय. तूच ये बाबा.

"सांगा ना, आज हॉस्पिटल आहे म्हणून," ती म्हणाली.

"लांब्याची शिफ्ट आहे गं. मी शब्द दिलाय. तो बिचारा घरी पडलाय, त्याच्या नावाने बोंब व्हायला नको."

"आणि तुमच्या नावाचा नंबर?"

"नंबर काय, पुन्हा मिळेल."

तो गेला. कॅन्टीनमध्ये जाऊन त्याने उपास सोडला. ती तशीच चपला घालून पलंगावर बसून राहिली. मग उठली, चपला काढल्या आणि शिवायला बसली. त्या दिवशीच्या सगळ्या शिवणी वाकड्या गेल्या, त्या तिने दुसऱ्या दिवशी उसवल्या.

पुन्हा नंबर घ्या म्हणून ती महिनाभर मागे लागली. तो आज-उद्या करत राहिला. आणि मग एक अजब गोष्ट झाली. त्याची जळजळ कमी व्हायला लागली. आधी दिवसाची गेली, मग रात्रीची. खिशातली बाटली तशीच भरलेली राहायला लागली. एका रविवारी तो उतरती गादी बाजूला सारून साध्या गादीवर सपाट झोपला आणि सकाळपर्यंत घोरला. उठल्यावर त्याने लहान मुलासारखं घर डोक्यावर घेतलं. "बघ! गेलं! आपोआप गेलं! आता कशाला दुर्बीण आणि फिर्बीण? एखाद्या गरजूचा नंबर कशाला अडवायचा?"

तिने त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. तेवढंच तिला सुचलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या भाजीत मनसोक्त मिरची पडली. तो नाक पुसत, डोळे पुसत जेवला आणि बोटं चाटली. सासूबाई म्हणाल्या, "मी म्हटलं नव्हतं?" तीही हसली. मनातून एक शंका उठत होती, तिला तिने खाली दाबलं. चांगलं होतंय तर त्याला नाट कशाला लावा? माणूस बरं वाटत असताना डॉक्टरकडे जात नाही. सगळं जग असंच वागतं, मग तिलाच कोणत्या तोंडाने दोष द्यायचा?

सुख वर्षभर टिकलं असेल. मग पाव घशाखाली उतरताना अडकायला लागला. त्याने पाव सोडला. मग भात पाण्यासोबत ढकलायला लागला. विचारलं की म्हणायचा, घाईघाईत खाल्लं म्हणून. जेवायला उशीर करायला लागला, म्हणजे कोणी बघायला नको. ती बघत होती. एके दिवशी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून तिने पाहिलं, तर तो घास चावतोय, चावतोय, डोळे मिटून गिळायचा प्रयत्न करतोय आणि शेवटी हळूच रुमालात काढून टाकतोय. सासूबाईंनी सासऱ्यांबद्दल सांगितलेलं सगळं तिला एका क्षणात आठवलं.

आता नंबर लागायला वेळ लागला नाही. अशा माणसाला कोणी थांबवत नाही. दुर्बीण पूर्ण आतही जाईना, गाठीने वाट अडवली होती. हॉस्पिटलचे डॉक्टर तरुण होते आणि खोटं बोलायला अजून शिकले नव्हते. त्यांनी विचारलं, "मध्ये जळजळ थांबली होती का?"

"हो!" गुलाबी म्हणाला. त्याच्या आवाजात अजूनही थोडा विजय होता. "एकदम थांबली होती."

"कधी कधी असं होतं. अस्तर बदललं की जळणं कमी होतं. पेशंटला वाटतं, बरं झालं." डॉक्टरांनी कागद उलटला. "तेव्हा तपासलं असतं तर..." आणि पुढचं त्यांनी गिळलं.

गुलाबी खाली बघत राहिला. बायको मात्र डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होती. ती मिरची, ती चाटलेली बोटं, ते घोरणं. ज्या दिवसांना ती सुखाचे दिवस म्हणत होती, त्याच दिवसांत ते आत वाढत होतं. तिला इतका संताप आला की समोरचं टेबल उलटून टाकावं. पण कोणावर चिडायचं? डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. लांब्याला खरंच दुखत होतं. भट्टी खरंच बंद ठेवता येत नव्हती. ज्याच्यावर चिडायचं, तो तर शेजारी बसून तिलाच म्हणत होता, "तू घाबरू नकोस गं."

नंतरचे महिने सांगण्यासारखे नाहीत. नळीतून दूध, नळीतून औषध, आणि माणूस दिवसेंदिवस त्या पलंगावर लहान होत गेला. अगदी शेवटच्या आठवड्यात तो तिला म्हणाला, "त्या दिवशी फोन उचलायला नको होता." ती म्हणाली, "हो. नको होता." त्याला बरं वाटावं म्हणून ती खोटं बोलली नाही. त्याचं तिला आजही वाईट वाटत नाही.

कारखान्यात शोकसभा झाली. मॅनेजर म्हणाले, "इतरांसाठी झिजणारा माणूस गेला." दोन मिनिटं शांतता पाळली, म्हणजे माणसं गप्प उभी राहिली. भट्टी आणि मशीन चालूच होत्या, त्यामुळे कोणाला शांतता ऐकू आली नाही. सभेतून निघताना मागे कोणीतरी सुपरवायझरला विचारत होतं की गुलाबीच्या वाटून घेतलेल्या शिफ्टमधली उद्याची कोण करणार.

लांब्या तिच्याकडे येत राहिला. फळं आणायचा, गळका नळ दुरुस्त करायचा, सासूबाईंना दवाखान्यात घेऊन जायचा. दर वर्षी त्याची दुर्बीण व्हायची, आणि दर वर्षी दारात वाकून तो सांगायचा, "वहिनी, सगळं साफ आहे." ती म्हणायची, "बरं झालं." दार लावल्यावर ती भांडी आपटायची. माणूस चांगला होता. त्याचा तिला मनापासून राग यायचा, आणि राग येतो म्हणून स्वतःचाही यायचा.

चौथ्या वर्षी तो आला तेव्हा सहज बोलून गेला, "यंदा काही जात नाही वहिनी. एकदम ठणठणीत आहे. नळी घालताना फार मळमळतं हो. आणि नंबरच्या दिवशी एकाची शिफ्ट घेतलीय, त्याला गावाला जायचंय."

ती शिवत होती. हात चाकावर तसाच राहिला.

"काय म्हणालात?"

"नाही, म्हणजे पुढच्या वर्षी..."

"उठा," ती म्हणाली. इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. "लाज नाही वाटत? तो नंबर तुमचा आहे का? माझ्या नवऱ्याचा आहे तो! त्यांनी दिला म्हणून तुम्ही इथे बसून मला ठणठणीत म्हणून सांगताय. जगायचं असलं तर नीट जगा, नाहीतर पुन्हा माझ्या दारात येऊ नका. त्या माणसाला आत्ता फोन करा, माझ्यासमोर, आणि सांगा की शिफ्ट होणार नाही."

लांब्या घाबरून उभा राहिला आणि त्याचं डोकं चौकटीला आपटलं. त्याने फोन केला. शब्द मोडला. बहुतेक आयुष्यात पहिल्यांदाच.

नंबरच्या दिवशी ती त्याच्यासोबत गेली. तो पळून जाईल अशी तिला खात्री होती. हॉस्पिटलच्या लांबलचक पॅसेजमध्ये लोखंडी बाकं होती, भिंतीवर पोटाचं रंगीत चित्र होतं. आत बोलावलं तेव्हा लांब्याने वळून तिच्याकडे पाहिलं. "जा," ती म्हणाली. नर्सने विचारलं, "सोबत कोण?" ती म्हणाली, "मी." "कोण लागता?" नर्सने वहीत काहीतरी लिहून टाकलं.

आता दुपार जाणार, असं धरून तिने घरून शिवायला दोन कॉलर आणल्या होत्या. आधी चहा घ्यावा म्हणून ती कोपऱ्यातल्या टपरीपाशी गेली. चहा कढत होता. कागदी कप पदरात धरून ती बाकावर येऊन बसली, फुंकर घालत घालत पिऊ लागली. अर्धा कप झाला असेल, तोच आतलं दार उघडलं आणि लांब्या बाहेर आला. डोळे पाणावलेले, हातात रुमाल.

"काय झालं? घातली नाही का?" तिने विचारलं.

"झालं की," लांब्या म्हणाला. आवाज जरा बसला होता. "साफ आहे म्हणाले."

ती दाराकडे बघत राहिली. आतून पुढच्या माणसाचं नाव पुकारलं गेलं.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच असतं वहिनी."

कपातल्या उरलेल्या चहातून अजून वाफ निघत होती.